पाठीत जोड असलेलं पोलकं

शिवण क्लासच्या परीक्षेत माझा ब्लाउज पहिला आला आणि बाईंनी तो काचेच्या कपाटात टांगला, तिथेच माझं बिनसलं. महाल भागातल्या त्या क्लासात नवीन येणाऱ्या मुलींना माझी शिवण दाखवली जायची. टाके एकसारखे, काखेत एक सुरकुती नाही. या हातांतून आता याहून कमी काही निघायला नको, असं माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

सक्करदऱ्याला आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा गिरणीत, माय घरी. पुढच्या खोलीत मशीन ठेवून बायकांचं शिवण घ्यायचं, हे माझं स्वप्न घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. बाबांनी तर पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली, 'येथे ब्लाउज, फ्रॉक शिवून मिळतील'. मी ती कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवली. म्हटलं, आधी हात बसू दे.

पहिलं गिऱ्हाईक माय होती. तिने जन्मभर गाठीची चोळी घातली, तीही स्वतःच्या हाताने शिवलेली. हूक असलेलं पोलकं तिच्या अंगाला कधी लागलं नव्हतं. त्र्याहत्तर सालच्या दसऱ्याला तिने जांभळं कापड आणून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "पहिलं माह्यं शीव. मंग लोकाइचं." मी ऐटीत टेप काढली, तिचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि वर तारीखही टाकली.

क्लासात आम्हाला आधी कागदावर कापायची सवय लावली होती. जुन्या पेपरवर पाठ, पुढा, बाही आखायची, कापायची, तो कागद कापडावर ठेवायचा आणि मगच कात्री लावायची. मी पेपर कापला. काखेकडचा मुंढा खोल वाटला, म्हणून दुसरा कापला. मग गळा उथळ वाटला. रद्दीवाल्याला द्यायला घरात रद्दी उरेना आणि बाबा तर न वाचलेला पेपर उशीखाली दडवू लागले. जांभळ्या कापडाला मात्र कात्री लागली नाही. शेजारच्या वहिनी मुलीच्या फ्रॉकचं दोनदा विचारून गेल्या, त्यांनाही मी थांबा म्हटलं. पोरगी फार चोखंदळ आहे, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. खरं म्हणजे मी घाबरट होते. हे तेव्हा कोणी तोंडावर म्हटलं असतं, तर मी अंगावर धावून गेले असते.

दसऱ्याची दिवाळी झाली, दिवाळीची संक्रांत. माय आधी पोलक्याचं विचारायची, मग विचारेनाशी झाली. तिला जेवण जात नव्हतं. दोन घास खाऊन ताट सारायची, पोटात आग होते म्हणायची, ओवा चघळत पडून राहायची. मी ऐकायचे, पण कानामागे पेन्सिल खोचून, कागदावर मान घालून. तिचं माप मी रोज बघत होते. तिच्याकडे बघायचं राहून गेलं.

उन्हाळा लागला होता. एका सकाळी मी कितवा तरी कागद आखत बसले होते, शेजारी कापड उलगडून ठेवलेलं. माय आली, खाली बसली, कात्री उचलली आणि कापडाला मधोमध वीतभर चीर देऊन मोकळी झाली.

"आता तं खराब झालं ना," ती म्हणाली. "आता भेव कायचं? शीव."

"काहून केलं वं माय तू असं?"

"मले घालाचं आहे ते. नुसतं पाहाचं नाही."

मी भयंकर चिडले. रागारागात कापड कापलं आणि सहा महिने न झालेलं काम दुपारी चारच्या आत उरकलं. पाठीत जोड द्यावा लागला. एक बाही किंचित वर चढली, ती मी तशीच राहू दिली, तिने काय करून ठेवलं ते तिला कळावं म्हणून. हा हलकटपणाही माझाच.

मायने पोलकं घालून हूक लावले. ते तिच्या अंगावर लोंबत होतं. काखेत माझी मूठ सहज गेली असती. मी आधी पोलक्याकडेच पाहिलं, कुठे चुकलं ते शोधत. मग तिच्या गळ्याची हाडं दिसली, दंड दिसले. मी टेप घ्यायला वळले, तर तिने माझा हात धरला.

"तुह्यं काई चुकलं नाही बाई. मीच बारीक झाली."

आवळून देते म्हटलं, तर तिने काढून दिलं नाही. अंग भरलं की बरोबर बसेल, म्हणाली. दोन्हीकडे सेफ्टी पिना लावून ओट्यावर जाऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना पोरीने शिवलं म्हणून दाखवत राहिली, पाठीतल्या जोडासकट. कपाटामागची पाटी तिनेच ओढून काढली आणि बाबा कामावरून आल्याबरोबर दारावर ठोकून घेतली. वहिनी दुसऱ्याच दिवशी फ्रॉकचं कापड घेऊन आल्या.

मायचं अंग भरलं नाही. पुढचा दसरा तिने पाहिला नाही. दसऱ्यालाच पोलकं शिवलं असतं, तर ते तिच्या अंगावर हळूहळू सैल होताना मला दिसलं असतं. शिवणाऱ्या बाईला ते आधी दिसतं. निदान दिसायला हवं.

पाटी पुढे कितीतरी वर्षं दारावर राहिली. कापड आलं की मी ते त्याच आठवड्यात कापते, चुकलं तर चुकलं. पण माप दरवेळी नव्याने घेते. मागच्या महिन्यातच तर घेतलं होतं, म्हणून बायका कंटाळतात. त्यांना मी काही सांगत नाही. मायला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं, यांचं वजन कधीपासून उतरतंय? मायच्या घरात, मायसोबत राहणाऱ्या मला ते सांगता येईना. माझ्याकडे फक्त वहीतली, तिच्या मापावरची तारीख होती. मी तीच सांगितली.