बंद इंजिनातले तीन ठोके

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही, आणि चार माणसांत बोलायची तर त्याहून नाही. म्हणून हे वहीत लिहून ठेवतेय. कुणाच्या हाती लागलं तर वाचा, पण आधी एक सांगते — असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. गावी कुणाच्या अंगात आलं की मी उठून आत भाकऱ्या थापायला जायचे. आजही भूत असतं असं मी म्हणणार नाही. जे ऐकलं तेवढं सांगते.

खांदेश्वर स्टेशनच्या मागच्या अंगाला आमचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, दोन गाड्या आत मावतात, तिसरी दारात. आमच्या ह्यांनी सुरू केलं. ते जाऊन तीन वर्षं झाली — छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आता माझे दीर, प्रकाशभावोजी, चालवतात. मी पार्ट धुते, पाने जागेवर लावते, चहा करते.

हे होते तेव्हा माझं आणखी एक काम होतं. इंजिनाचा आवाज तपासायचा असला की मी गाडीत बसून रेस द्यायची. हे बॉनेटखाली वाकून एक लांब पेचकस इंजिनाला टेकवायचे आणि त्याची लाकडी मूठ कानाला लावायचे — डॉक्टर नळी लावतात ना, तसं. त्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही. म्हणून बोटातल्या अंगठीने ते पत्र्यावर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे रेस वाढव. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे बंद कर, लगेच. किती वर्षं आम्ही असंच बोललो. घरी मी कधी नव्हे ते बडबडायला लागले, की ताटावर तीन ठोके द्यायचे आणि हसायचे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर सीवूड्सचे मिहीर म्हणून एक जण आपली स्पोर्ट्स कार घेऊन आले. पिवळी, दोन दारांची. पामबीच रोडवर सकाळी पळवताना तिसऱ्यातून चौथ्यात टाकायला गेले आणि गिअर पडला दुसऱ्यात. काटा लाल रेघेच्या पार पलीकडे गेला. इंजिन इतकं फिरलं की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत, खालून पिस्टन येऊन धडकतो आणि ते वाकतात. गाडी बंद पडली नव्हती, पण बिचारे घाबरले होते.

भावोजींनी दोन दिवस घातले. चारही सिलिंडरचे प्लग काढून दाब मोजला, चारही सारखे. हवा भरून गळती बघितली, नाही. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला, पिस्टनवर ओरखडासुद्धा नाही. ‘नशीबवान आहात,’ फोनवर म्हणाले, ‘उद्या घेऊन जा.’

तो उद्या म्हणजे खंडेनवमी. सकाळी आम्ही सगळी हत्यारं धुऊन चादरीवर मांडली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत आमच्याकडे हत्यार उचलत नाहीत. मधोमध ह्यांचा तो लांब पेचकस. आता तो कुणी वापरत नाही, फक्त पूजेला निघतो.

भावोजी पेढे आणायला गेले. मी गाड्यांना फुलं वाहत होते. पिवळ्या गाडीचं बॉनेट उघडंच होतं. काय मनात आलं कोण जाणे... मी पेचकस उचलला, पहिल्या सिलिंडरवर टेकवला आणि मूठ कानाला लावली. शांत. बंद इंजिनात असणार काय? दुसऱ्यावर टेकवला. शांत. तिसऱ्यावर —

टक. टक. टक.

मी मूठ बाजूला केली. शेडमध्ये काही आवाज नव्हता. कंप्रेसर बंद, पंखा बंद. परत लावली. टक, टक, टक. धातूवर धातू, अंगठीसारखा. चौथ्यावर गेले, काही नाही. तिसऱ्यावर परत आले... तीन.

घाबरले का? खरं सांगते, नाही. तीन ठोके ऐकले की मी जे करायचे तेच केलं. गाडीची चावी काढली आणि कमरेला खोचली.

तेवढ्यात मिहीर आले. बरोबर त्यांची आई, हातात पिशवी. दोघं वाईला निघाले होते, वाटेत घाट. मागोमाग भावोजी आले.

“वहिनी, चावी कुठाय?”

“माझ्याकडे.”

“द्या की मग.”

“नाही देणार. तिसऱ्यात काहीतरी आहे. वरचं कव्हर उघडा.”

माझा एवढा मोठा आवाज मी स्वतःच पहिल्यांदा ऐकला. भावोजींनी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला.

“मग दोन दिवस मी काय इथे भजी तळत होतो?”

मिहीर हसले. “मावशी, कॅमेरा क्लिअर आहे. टेन्शन नका घेऊ. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ऐकलं मी.”

“बंद इंजिनात?”

“हो.”

भावोजींनी मला दाराशी नेलं. हळू आवाजात म्हणाले, “गिऱ्हाइकासमोर शोभा नको, वहिनी. आज हत्याराला हात लावायचा नाही, माहितीय ना? आणि उघडून काही निघालं नाही तर दादाच्या गॅरेजचं नाव जाईल.”

“नाही निघालं तर उद्यापासून मी इथे पाऊल टाकणार नाही.”

बोलून गेले. त्या शेडशिवाय माझ्याकडे ह्यांचं काय उरलंय? घरी फोटो आहे, पण फोटोला ग्रीसचा वास येत नाही. तरी शब्द मागे घेतला नाही. समोर ते मायलेक घाटात जायला निघाले होते.

मिहीरची आई खुर्चीवर बसली. “उघडू दे रे. बाई उगाच नाही अडवायची. मी तर कालपासून म्हणतेय, एसटीने जाऊ.”

मी चादरीवरचा पाना उचलला, पदराने कुंकू पुसलं आणि भावोजींपुढे धरला. त्यांनी चादरीकडे बघून हात जोडले. मग “दादा, माफ कर,” म्हणून घेतला.

कव्हर निघायला तासभर गेला. बॅटरीच्या उजेडात सगळं जागच्या जागी दिसत होतं. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कीव आल्यासारखं. ते जास्त लागलं.

“तिसऱ्याच्या व्हॉल्व्हवरच्या स्प्रिंगा हलवून बघा,” मी म्हटलं.

“चार आहेत.”

“चारही.”

पहिली घट्ट. दुसरी घट्ट. तिसरी पण. चौथीला पेचकसाचं टोक लावलं आणि ती गोल फिरली.

“आईशप्पत...”

बुडाशी तुटून तिचे दोन तुकडे झाले होते, पण एकात एक अडकून बसल्यामुळे वरून अखंड दिसत होती. इंजिन हळू फिरलं की ती व्हॉल्व्ह मिटवत होती, म्हणून दाब बरोबर, हवा बरोबर. जोरात पळवली असती तर व्हॉल्व्ह आत पडून इंजिन जागेवर जॅम झालं असतं. “घाटात,” भावोजी स्वतःशीच म्हणाले, “मागे ट्रक असताना.”

मिहीर टायरपाशी खाली बसले. त्यांच्या आईने पिशवीतून डबा काढून माझ्या हातावर लाडू ठेवला. मग लेकाला म्हणाली, “ऊठ. बघ, शेवटी एसटीच.”

नंतर मी खूप विचार केला. भावोजी म्हणतात, तुटकी स्प्रिंग वाजते. वाजते, पण इंजिन फिरत असताना. लोखंड निवताना टकटक करतं, पण ती गाडी आदल्या दुपारपासून चालूच केली नव्हती. लोकल गेली की जमीन हादरते, पण मग चारही ठिकाणी आवाज यायला हवा होता. त्याच दिवशी घरी जाऊन कपाट उघडलं. ह्यांची अंगठी कागदाच्या पुडीत, होती तिथेच. नवी स्प्रिंग बसल्यावर तिसऱ्या सिलिंडरवर परत कान लावला. काही नाही. मला याचा उलगडा झालेला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही.

भावोजी हे कुणाला सांगत नाहीत. पण सगळ्या गाड्यांच्या चाव्या आता माझ्याकडे असतात. गाडी द्यायची वेळ आली की ते माझ्यापुढे हात करतात. मी आधी पेचकस घेते, एकेका सिलिंडरवर टेकवते, कान लावते. आजवर परत काही ऐकू आलेलं नाही.

मग चावी देते.