अक्कासाठी जर्मलची होडी

नीरेच्या अलीकडं आमचं घर आणि पलीकडं अक्काचं सासर. उन्हाळ्यात वाळवंटातून चालत वीस मिनिटांचं अंतर. श्रावणात नदी भरली की मात्र त्याच अंतरासाठी काहिलीत बसावं लागे. गुऱ्हाळावर गूळ शिजवायची मोठी लोखंडी कढई म्हणजे काहील. आमच्या भागात भोई तिचीच होडी करून माणसं पार नेत. काहिलीला पुढं-मागं काही नसतं. धारेत सापडली की ती जात्यासारखी फिरते. एका वर्षी नागपंचमीला माहेरी येताना अक्का अशीच गरगरत दोन शेतं खाली गेली. काठाला लागल्यावर तिनं सांगून टाकलं, "आता काहिलीत पाय ठेवायची न्हाय. पंचमी माझ्यावाचून करा."

पुलावरून यायचं तर दोन गाड्या बदलून अख्खा दिवस जाई आणि घरी म्हशी व सासू टाकून तेवढं निघणं तिला जमत नसे. अशा तीन पंचम्या गेल्या. दर वर्षी आई लिंबाला झोका बांधून घ्यायची, पुरणाची दिंडं उकडायची आणि अक्काचा वाटा फडक्यात बांधून भोयाबरोबर पलीकडं धाडायची. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "दिंडं पोचत्यात. पोरगी पोचत न्हाय."

मी तेव्हा चाळिशीचा. लासुर्ण्याकडच्या एका साखर कारखान्याच्या भांडारात कामाला होतो. आठवडाभर तिकडं, रविवारी बावड्याकडं घरी. स्वभाव यादीचा. आईचं वाक्य ऐकलं त्या रात्री वहीच्या नव्या पानावर वर 'होडी' असं लिहिलं आणि खाली एकेक कलम घालत गेलो.

लाकडी होडी बांधणारा आमच्याकडं कोणी नव्हता. पत्रा जोडणारा मात्र होता. कारखान्यातला वेल्डिंगचा मिस्त्री, कळंबचा, रसाच्या टाक्या आणि नळ जोडण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "लोखंडाची जड हुईल भाऊसाहेब. ॲल्युमिनियमची करू. पूर आला तर दोघांनी उचलून घरात आणता येती." उसाचं गळीत बंद झालेलं, कामाची घाई नव्हती. साहेबांकडून गॅसचं सामान रविवारपुरतं नेण्याची लेखी परवानगी मी घेतली. नवे पत्रे पुण्याहून आणले.

मे महिन्यापासून दर रविवारी मागच्या अंगणात काम चालू झालं. आधी जुन्या पुठ्ठ्याची वीतभर होडी करून बघितली, मग जमिनीवर खडूनं पुऱ्या मापाची आखली. बूड सपाट, बाजू कलत्या, नाक उचललेलं. ॲल्युमिनियम फसवं असतं. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. हे पांढरंच राहतं आणि एकदम ढासळतं. मिस्त्री त्यावर अंग धुवायचा साबण घासायचा. साबण काळपट झाला की पत्रा जोडायला तयार. आमच्या मंडळींनी दुसऱ्याच रविवारी विचारलं, "न्हाणीतला साबण यादीत धरलाय का?" धरला नव्हता. धरला.

जोडताना वापरायची पावडर पत्रा खाते, म्हणून प्रत्येक सांधा झाल्यावर गरम पाण्यानं घासून काढायचा. ते काम माझ्याकडं होतं. भोईआबा काठीवर हनुवटी टेकून दर रविवारी बघायला येत. नदीवरचे ते सगळ्यात जुने. अक्काची काहील पण त्यांनीच हाकलेली.

"जर्मलची करताय व्हय तात्या?" ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मल म्हणतात. "जर्मलात ताक टिकत न्हाय, माणूस टिकंल का?"

"ताक न्यायचं न्हाय आबा. अक्काला आणायचं हाय."

आबांनी काठीनं होडीच्या नाकावर टकटक केलं आणि म्हणाले, "आनखी चार बोटं वर घ्या. धार हितंच तोंडात बुक्की मारती." मिस्त्रीनं निमूटपणे चार बोटं वर घेतलं.

आषाढ संपेपर्यंत बहुतेक कलमांवर रेघ पडली. बसायला बाभळीच्या दोन फळ्या. त्यांच्याखाली कथलानं झाळून बंद केलेले घासलेटचे रिकामे डबे, म्हणजे पाणी भरलं तरी होडी तरंगेल. दोर, कडी, दोन वल्ही. होडीच्या काठाला गोणपाट शिवलं, लुगडं अडकू नये म्हणून. शेवटचं कलम होतं: 'पाणी भरून तपासणे.'

ते कलम मीच लिहिलेलं. कारखान्यात कुठलीही नवी टाकी अशीच तपासतात. काठोकाठ भरायची आणि गळते का बघायचं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मिस्त्रीलाही नाही. पंचमीच्या आधीच्या रविवारी आम्ही होडी दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर, ठेवली आणि आडावरून घागरी आणून भरू लागलो. निम्मी भरली. एक थेंब गळाला नाही. मिस्त्री खूष होऊन म्हणाला, "आनखी वता." काठाला चार बोटं राहिली तेव्हा बूड मधेच खाली वाकलं, फाडकन आवाज झाला आणि सगळं पाणी आमच्या पायांवर आलं. बुडाचा मधला सांधा वीतभर उघडला होता.

मिस्त्री चष्मा काढून खाली बसला. भोईआबा ओल्या अंगणाकडं बघत म्हणाले, "पानी भाईर असतंय. तुमी आत भरलं."

"टाकी समजून बसलो," मिस्त्री म्हणाला.

"चूक माझी," मी म्हणालो. "माझ्याच हातानं लिहिलंय."

गुरुवारी चतुर्थी, शुक्रवारी पंचमी. पंचमीला आमच्याकडं काही चिरत नाहीत, कापत नाहीत, चुलीवर तवासुद्धा चढत नाही. त्या दिवशी कोणी पत्र्याला हत्यार लावू दिलं नसतं. आणि अक्काला मी रविवारी सकाळीच निरोप धाडून बसलो होतो, की चतुर्थीला न्यायला येतो, काहील न्हाय, होडी हाय. ती तीन वर्षांनी आणखी एकदा फसली असती तर पुन्हा कधी आली नसती. आईनं विचारलं, "झोका बांधायचा का न्हाय, तेवढं सांग."

"बांध," मी म्हणालो आणि नवं पान काढलं.

मिस्त्रीनं रजा टाकली, मीही. सोमवारी साहेबांना विचारून कारखान्यातून गॅसची दुसरी टाकी आणली. मंगळवारी होडी वाळूच्या ढिगावर नीट टेकवून सांधा साफ केला, जोडला, वरून आडवी पट्टी घातली. आता तपासायची कशी हा प्रश्न राहिला. बुधवारी आबांच्या सांगण्यावरून होडी काठाच्या उथळ पाण्यात सोडली, आत वाळूची सहा पोती ठेवली. पण आधीच ओल्या झालेल्या पत्र्यावर बारीक गळती दिसेना. मग मी होडी बाहेर काढून आतून कोरडी पुसली, आईच्या डब्यातली रांगोळी आणली आणि साऱ्या सांध्यांवर चिमटीनं टाकली. पुन्हा पाण्यात सोडली. जिथं पाझर असेल तिथं रांगोळी काळवंडणार. अर्ध्या तासानं मागच्या फळीखाली डाळीएवढा एकच डाग दिसला. मिस्त्रीनं तेवढा टाका त्याच दुपारी घातला. परत तपासली तेव्हा रांगोळी पांढरीच राहिली.

चतुर्थीला सकाळी आबांनी वल्ही घेतली, मी मागच्या फळीवर बसलो. मधल्या धारेत होडीनं नाक वर केलं, थोडी तिरकी झाली, पण फिरली नाही. पलीकडं अक्का बोचकं घेऊन उभी होती. दाजी मागं. तिनं होडीभोवती एक चक्कर मारली, हातानं थोपटली.

"फिरत न्हाय ना रं?"

"न्हाय."

"आज तुझ्यासाठी उपास धरलाय. बुडवलंस तर उपास बी वाया जाईल." चतुर्थीला बहिणी भावासाठी उपास धरतात; तिनं तीन वर्षं तो पलीकडंच सोडला होता.

"बस की वहिनी," दाजी मागून म्हणाले, आणि अक्का हसली. सगळं गाव तिला वहिनी म्हणे, नवरा फक्त चिडवायला.

ती दोन्ही हातांनी गोणपाट धरून बसली. धार आली तेव्हा डोळे मिटले. धार गेली, होडी सरळच चालली होती, तिनं डोळे उघडले आणि पायांकडं बघितलं. सांध्यासांध्यांत पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या. नाकापासून शेपटापर्यंत, फळीखालून वळून दोन्ही बाजूंनी वर.

"आत रांगोळी घातलीस?" ती म्हणाली. "माझ्यासाठी?"

मिस्त्री अलीकडच्या काठावर कंबरेवर हात ठेवून उभा होता. आबा माझ्याकडं बघत होते.

"व्हय," मी म्हणालो.

तिनं पाय थोडे बाजूला घेतले, रेघ पुसू नये म्हणून. काठावर आई झोक्याची दोरी हातात घेऊनच आली होती. झोक्याची गाठ दर वर्षी मीच मारतो, म्हणून तिनं दोरी तशीच ठेवली होती.