मिस्त्रींनी कॉफीला लावलेली पाणसळ

तर काल आपण वहिनींच्या मनगटापाशी थांबलो होतो. ते मोडलं, जुळलंही, पण त्यातला जोर गेला तो गेलाच. तीस वर्षं कॉफीचं दुकान चालवलेली बाई. दुकान बंद केलं तेव्हा एस्प्रेसो कॉफीचं मशीन तेवढं घरी आणलेलं. आता त्याच्या चाळणीतली कॉफीची पूड दट्ट्याने दाबणंच होईना. म्हणाल्या, "रविवारी भाची येतेय, घेऊन जाऊ दे तिला. ओट्यावर उगाच अडगळ."

त्यांचे यजमान म्हणजे आमचे शेजारी, गवंडीकाम करणारे मिस्त्री. छाती ठोकून म्हणाले, "मी दाबतो की! जन्मभर धुम्मस आपटून जमिनी चोपल्यात. ही मूठभर पूड काय घेऊन बसलीस!"

आता काय सांगू तुम्हाला! पहिल्या दिवशी गड्याने असा दाब दिला की ओटा करकरला. कॉफी थेंब थेंब गळली, काढ्यासारखी कडू. दुसऱ्या दिवशी पूड जाडसर दळली, तर पाणी भसकन खाली आणि कॉफी आंबट. वहिनी एक घोट घेऊन कप बाजूला ठेवायच्या. तेच मिस्त्रींना लागायचं. मला म्हणाले, "अरे, पहिल्या घोटाला तिचे डोळे सुखाने मिटायचे. मशीन गेलं की तेही गेलं."

शनिवारी त्यांनी वापरलेला चोथा माझ्यासमोर तळहातावर उलटा केला. एका कडेला मुंगीच्या बिळाएवढं भोक!

"हात्तिच्या! उतार राहिलाय. पाणी सगळं इकडूनच पळतंय."

झालं! पिशवीतून पाणसळ निघाली. तीच ती, बुडबुडा मध्ये आला की फरशी सपाट. मिस्त्रींनी पूड मध्यम दळली, बोटाने सारखी केली, कोपर दट्ट्याच्या बरोबर वर धरलं आणि पूड दबायची थांबताच हातही थांबवला. दट्ट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध!

रविवारी भाची खोकं घेऊन दारात हजर. मिस्त्रींनी कप गरम पाण्याने शेकून घेतला. मधासारखी धार पडली, वर सोनेरी फेस. वहिनींनी घोट घेतला आणि डोळे हलकेच मिटले. माझासुद्धा जीव भांड्यात पडला.

"खोकं परत ने गं," वहिनी भाचीला म्हणाल्या. मग यजमानांकडे वळल्या, "आणि काय हो, एवढ्याशा पुडीचा उतार कळतो तुम्हाला, मग आपल्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात वीस वर्षं पाणी का तुंबतंय?"

मिस्त्री जराही अडखळले नाहीत. म्हणाले, "ती फरशी बसवत होतो तेव्हा तू कॉफी घेऊन दारात उभी होतीस. बुडबुड्याकडे बघतंय कोण!"