हिटकाका

जेवताना भाजी आणखी हवी असली की काका 'हिट' म्हणायचे आणि पुरे झाली की 'स्टँड'. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारातले हे शब्द. आणखी एक पत्ता हवा तर हिट, थांबायचं तर स्टँड. इकडे आखातात, गुदैबियातल्या आमच्या इमारतीत ते समोरच्या खोलीत एकटे राहायचे आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. हिटकाका हे नाव माझ्या मुलीने ठेवलं.

मूळचे नागपूरचे. उमेदीची वर्षं प्रवासी बोटींवर गेली. तिथल्या कॅसिनोतली ब्लॅकजॅकची इलेक्ट्रॉनिक मशीनं ते दुरुस्त करायचे. पडद्यावर लाल कोटातली एक बाई हसत हसत पत्ते वाटायची. काका स्वतः कधी खेळले नाहीत. "मले तिचं पोट माहीत होतं, ताई. मग चेहऱ्याले कोण भुलते?"

बोट सुटली, पण पायातली बोट काही सुटली नाही. बोलता बोलता उठायचे, खिडकीपाशी जायचे, परत यायचे, पुन्हा उठायचे. चहा उभ्यानेच. "बसा ना काका," म्हटलं की म्हणायचे, "बसूनच तर राहिलो," आणि तेवढ्यात दारापर्यंत पोचलेले असायचे.

पुढे ते मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये लागले. गेल्या हिवाळ्यात बंदरात त्यांचीच जुनी बोट आली. कॅसिनोत नवे टचस्क्रीन बसणार होते आणि जुनी मशीनं मोडायचं काम नेमकं त्यांच्या वर्कशॉपला मिळालं. जुगाराचं मशीन अख्खं बंदराबाहेर न्यायचं नाही, तिथेच तोडायचं, असा हुकूम होता. फोरमन म्हणाला, "यल्ला, हथौडा मारो. आज ही खलास."

काका म्हणाले, "खोलूँगा. तोडूँगा नहीं."

इतरांनी हातोडे उचलले, तेव्हा ते मधे जाऊन उभे राहिले. मग एकेक मशीन स्वतः स्क्रू काढून, वायरी सोडवून, काच अलगद उतरवून सुटं केलं. एका दिवसाचं काम आठवडाभर चाललं. फोरमन रोज ओरडायचा. काम संपल्यावर त्याने सांगितलं की व्हिसा पुढे वाढणार नाही.

"मोडायचंच होतं ना शेवटी?" मी विचारलं.

"मोडायचं होतं. चेचायचं नव्हतं."

एक मशीन त्यांनी आधी चालू करून पाहिलं होतं म्हणे. बाई फिकट झाली होती, पण पत्ते वाटू लागली.

"मग? खेळलात एक डाव?"

"नाही. प्लग काढला."

विमानतळावर मीच सोडायला गेले. आयुष्यभर सुट्टीपुरतेच घरी गेलेले काका आता नागपूरला मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. पासपोर्ट या खिशातून त्या खिशात घालत म्हणाले, "जमेल का मले, ताई?" मी म्हटलं, "इंशाल्ला."

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. आवाज दबका होता. "ताई, बाबांचं इथं मन लागत नाही वाटते. सारखे उठतात, दार उघडून रस्ता पाहतात. जेवणही उभ्यानंच."

"अगं, इकडेही ते असेच होते."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे आमच्यामुळे नाही?"