मांडवकर सरांच्या वर्गातली शांतता

प्रार्थना संपून मुलं वर्गात शिरत होती, तेवढ्यात मांडवकर वहिनींचा फोन आला. "बाई, हे गेले हो… पहाटे." मांडवकर सर आमच्या जयगड रस्त्यावरच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊनही काही वर्षं लोटली होती. फोन ठेवून मी नववीत गेले. नेहमीसारखा गलका चालला होता. त्या दिवशी मी कुणाला गप्प केलं नाही. सरांना गप्प वर्ग सोसत नसे, आणि तो का सोसत नसे हे ठाऊक असलेली शाळेत आता मी एकटीच उरले आहे.

सर आधी असे नव्हते. मी नवीन लागले तेव्हा त्यांच्या शिस्तीचा दरारा पार गावापर्यंत होता. छडी त्यांनी कधी हातात घेतली नाही. माझ्या वर्गात दंगा झाला की ते नुसते दारात येऊन उभे राहत आणि बाकं सरळ होत. मी एकदा विचारलं, कसं जमतं? तर म्हणाले, "मारायचं कशाला, बाई? आपण एकदा बोललो ते परत बोलणार नाही, एवढं पोराला कळलं की झालं."

आठवीत प्रणाली नावाची मुलगी होती. बंदराजवळच्या वाडीतली, वडील मच्छीमार. तोंडाळ आणि हसरी. शिकवता शिकवता मध्येच काहीतरी बोलायची आणि सगळा वर्ग खिदळायचा. एकदा तिने सरांच्याच आवाजाची नक्कल केली. सर पाठमोरे होते. वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "या शाळेत तुझा आवाज मला परत ऐकू येता कामा नये."

तो आलाच नाही.

पहिले काही दिवस आम्हाला बरंच वाटलं. मग लक्षात आलं की ती हजेरीलाही नुसता हात वर करते. माझ्या तासाला धडा वाचायला सांगितला, तर पुस्तक उघडून उभी राहिली, ओठ मिटलेले. तोंडी परीक्षेत उत्तरं लिहून दिली. शाळेचं फाटक ओलांडलं की मैत्रिणींशी तिची बडबड सुरू होई, ती आम्हाला खिडकीतून ऐकू यायची.

सर मला घेऊन तिच्या घरी गेले. आई जाळं शिवत बसली होती. "घरात तर तोंड मिटत नाय तिचं," ती म्हणाली. "शाळेत कशी बोलंल, सर? तुम्हीच सांगितलात ना, बोलू नको म्हणून." आवाजात राग नव्हता. मुलगी सरांचं ऐकते याचं तिला कौतुकच होतं. दुसऱ्या दिवशी सर भर वर्गात तिच्या बाकाशी जाऊन म्हणाले, "माझं चुकलं गो. बोल आता." ती उठून उभी राहिली. डोळे भरले, मान हलली… आवाज फुटला नाही. दहावी होईपर्यंत फुटला नाही.

तेव्हापासून सरांचा वर्ग शाळेतला सगळ्यात गोंगाटाचा झाला. मुख्याध्यापक चिडायचे, "म्हाताऱ्याचा वचक गेला" असं पोरंही म्हणायची. सर ऐकून घेत. मात्र एखाद्या क्षणी वर्ग आपोआप शांत झाला की त्यांचा खडू थांबे, आणि ते घाबरेघुबरे होऊन मागे वळून एकेक चेहरा बघत.

सर गेल्यानंतर काही आठवड्यांनी मी रत्नागिरीत औषधं घ्यायला गेले होते. काउंटरमागची बाई गिऱ्हाइकाशी भराभर बोलत होती. मला पाहून थबकली. "बाई, मी प्रणाली!" मी सरांचं सांगितलं. तिने हातातलं गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं. मग म्हणाली, "मला राग नव्हता हो. सुरुवातीला होता थोडा. पण एकदा गप्प बसल्यावर… पहिला शब्द कुठला बोलायचा तेच कळेना. सगळे वाट बघत असायचे ना. सरांना हे सांगायचं राहूनच गेलं."

रविवारी मी तिला वहिनींकडे नेलं. रिकाम्या खोलीत टीव्ही मोठ्यांदा चालू होता. "ह्यांना घर गप्प झालेलं चालत नसे," वहिनी म्हणाल्या. "बघायचे नाहीत, नुसता लावून ठेवायचे. मी पण तशीच लावते आता." त्यांनी टीव्ही बंद केला. प्रणाली सरांच्या खुर्चीसमोर खाली बसली, आणि बोलत सुटली… मुलाची शाळा, सासूचं दुखणं, दुकानातली गिऱ्हाइकं. जे सांगायला आली होती तेवढं सोडून सगळं. वहिनी हुं हुं करत ऐकत होत्या. दिवेलागण झाली तेव्हा आम्ही उठलो. पायरीवर चपला घालत होतो, तोच आत टीव्ही पुन्हा सुरू झाला.