काटामामांची मूठ

काटामामांच्या मुठीत वजनकाटा होता. मूठभर युरिया उचलून ते म्हणायचे, "छटाक भरंल बगा, सायेब." तागडीत टाकला की छटाकच भरायचा. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. पंचक्रोशीत कुणाला खत फेकायचं असलं की माणसं त्यांच्याच दारात यायची. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते एका लयीत चालायचे आणि दाणे असे पडायचे, की कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही.

सिरसाळ्याकडच्या आमच्या सोसायटीत मी तेव्हा नवा पर्यवेक्षक होतो, नोकरी अजून कायम व्हायची होती. दुष्काळाचं वर्ष. चेअरमननी कुठूनसं बिनचिखलणीच्या भाताचं बियाणं आणलं. ज्वारीसारखं तिफणीनं पेरायचं, पाणी साठवायचं नाही, आठवड्याला पाण्याची पाळी द्यायची. कोणत्या वाणाला किती युरिया मानवतो हे बघायला आम्ही वाफे आखले. बांधावरून जाणारे हसायचे. "बीडात भात? आंगोळीला पानी न्हाई बे हितं!" मामा उत्तर द्यायचे, "हसा. शिजल्यावर वास घ्यायला येशाल."

मामांनी उमेदीची सगळी वर्षं बायकोबरोबर ऊसतोडीत घालवली होती. सोसायटीच्या या कामामुळे त्यांचा कोयता आढ्याला खोचला गेला होता. "आता ह्यो खाली काढायचा न्हाई," असं ते बायकोला रोज सांगत. ती म्हणायची, "माझ्या पाठीला सांगा, तिला खरं वाटंना अजून."

सकाळी आल्याआल्या ते वाफ्यात उकिडवे बसत आणि आधी खालचं पान बघत, मग वरचं. एकदा कोवळी पानं पिवळी पडू लागली. माझ्या मते पिकाला नत्र कमी पडलं होतं. मामांनी मला खाली बसवलं. "सायेब, युरियाची भूक असली तर जुनं पान आदी पिवळं पडतंय. हितं जुनं हिरवंगार हाय, नवं पिवळं. शिरा तेवड्या हिरव्या. ही चुनखडीची जमीन हाय, लोह लागू देत न्हाई. हिराकसात लोह आसतंय, त्ये पान्यात कालवून फवारा."

मी पदवीधर. त्यांच्याकडून शिकायची मला लाज वाटली. शिवाय दोन दिवसांनी शेतकी खात्याचे साहेबलोक पीक बघायला येणार होते, तोवर ते हिरवं दिसायला हवं होतं. मी म्हणालो, "दुप्पट युरिया फेका."

"ओल न्हाई, सायेब."

"दुपारी पाळी येतेय."

मामांनी धोतराच्या ओच्यात युरिया घेतला आणि फेकला, नेहमीसारखाच, एकसारखा. दुपारी विहिरीनं तळ दाखवला, पाळी आलीच नाही. संध्याकाळी नुसती भुरभुर झाली. खत विरघळलं, पण खाली मुरलं नाही. साहेब आले तेव्हा पानांचे शेंडे भाजल्यासारखे झाले होते.

"हे कुणी केलं?" चेअरमननी विचारलं.

मामा माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "यांचा हात सैल सुटला."

एवढंच वाक्य. मामांनी मान वर केली नाही. उजवी मूठ मात्र मिटली, हे मी पाहिलं. चेअरमननी त्यांना त्याच दिवशी काढलं. मी कायम झालो.

काढल्याचं त्यांना फारसं लागलं नसेलही. पण त्यानंतर गावात कुणी त्यांना खत फेकायला बोलावलं नाही. "काट्यात खोट आलीया," असं पारावर म्हणत. दिवाळीनंतर कड्याच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या ऊसतोडीच्या ट्रॅक्टरमध्ये मी त्यांना बसलेलं पाहिलं. बायको शेजारी, मांडीवर कोयता. त्यांनी मला रामराम घातला. मी फाइलीत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की मामांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलंय. मी गेलो. उजवी बाजू लुळी पडली होती, ती मूठ चादरीवर उघडी पडली होती. मी स्टुलावर बसलो आणि घरून घोकून आणलेलं कसंबसं बोललो. "मामा, तेव्हा मी खोटं बोललो. तुमचा हात एकसारखाच होता."

"मला ठावं हाय की," ते जड जिभेनं म्हणाले. "हात माजा व्हता."

मला वाटलं, आता शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"मागनं हिराकस मारलं का?"

"नाही मामा. नांगर घातला."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "काहून बे? काडून टाकल्यावर बी मी बगाया गेलतो. बुडखा जिता व्हता. फुटला असता त्यो."

तोवर त्यांनी मला कधी सायेबशिवाय हाक मारली नव्हती. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि मी उठेपर्यंत ते तसेच होते.