तांबडीच्या रिंगांची फट

पन्नाशी उलटलेली बाई प्रेमात पडली तर घरच्यांनी काय करावं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. कवळीताईंच्या घरी तर सगळेच गांगरले होते, कारण ताई पिस्टनच्या प्रेमात पडल्या होत्या.

दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेत त्या तीस वर्षं काम करत होत्या, म्हणून कवळीताई. हाताला अशी सफाई की कवळी आणि हिरडी यांच्यात हवासुद्धा शिरायची नाही. फट दिसली की त्यांच्या डोक्यात तिडीकच जायची. दाराची फट, कपाटाची फट, नवऱ्याच्या समोरच्या दोन दातांमधली फट, सगळ्यांशी त्यांचं जुनं वैर.

गाडी चालवायला त्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकल्या. त्याआधी बावीस वर्षं नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून त्याच्या वेळेला निघाल्या आणि त्याच्या वेळेला परतल्या. नवरा बस कंपनीत वेळापत्रकं करायचा, त्यामुळे वेळ म्हणजे वेळ. मग ताईंनी एक जुनी, लाल, टर्बोवाली गाडी घेतली, तिला तांबडी म्हणू लागल्या आणि मनाला येईल तेव्हा घरी येऊ लागल्या. कार्यशाळा तलावाच्या चढापलीकडे होती. चढावर टर्बोनं शीळ घातली की आत ताईही शीळ घालायच्या.

त्याच चढावर एका सकाळी तांबडीनं निळा धूर सोडला आणि मान टाकली.

इंजिन उघडलं हळूकाकांनी. या गॅरेजवाल्या काकांनी आयुष्यात एकदाच घाई केली होती, सातव्या महिन्यात जन्माला आले तेव्हा. ती चूक ते सत्तर वर्षं निस्तरत होते. त्यांनी फुटका पिस्टन ताईंच्या हातावर ठेवला. "ताई, कंपनीचा ओतीव पिस्टन आहे. टर्बोचा मार किती सोसणार?"

"विकून टाक," नवरा म्हणाला. ताई म्हणाल्या, "आधी मला विका." दोन दिवस घरात भांडी जरा जोरातच आपटली. शेवटी वेळापत्रकवाल्यानं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं: पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ताई, नवरा आणि सासूबाई अशी घरातली तिघं बसून तांबडी तलावाचा चढ चढली तर राहील. नाही चढली तर दहा वाजता गिऱ्हाईक येईल.

मग काय विचारता! ताईंच्या अंगात आलं. जेवायच्या टेबलावर भाजी कमी आणि पिस्टनची माहितीपत्रकं जास्त. ओतीव नको, घडीव हवा, हे पहिल्याच दिवशी ठरलं. पण घडीवमध्येही दोन जाती निघाल्या. एक शर्यतीचा, अंगानं दणकट, पण तापला की खूप फुगणारा. म्हणून त्याला सिलिंडरमध्ये जागा जास्त द्यायची, आणि थंडीत गाडी सुरू केली की तो खडखडणार. दुसरा जरा कमी सोसणारा, पण कमी फुगणारा आणि गप्प.

"रोज सकाळी खडखड ऐकायला मी काय शर्यतीत उतरणार आहे?" ताईंनी आमटी वाढता वाढता विचारलं. "मला गप्प पिस्टन हवा. घरात एक बडबडणारं पुरे."

"ते कोण?" सासूबाईंनी विचारलं. नवऱ्यानं शहाणपणानं पोळी तोंडात घातली.

कनेक्टिंग रॉड घडीव आले. इंजिनच्या वरच्या झाकणाखाली बसवायला पत्र्याच्या तीन थरांचं गॅस्केट आलं. बेअरिंगच्या चकचकीत अर्धगोल पट्ट्या चमच्यांच्या खणात राहायला आल्या, आणि एक दिवस नवऱ्यानं त्यातलीच एक साखर ढवळायला घेतली. ताई इतक्या हसल्या की खुर्चीवरून खाली घसरल्या. असं त्या कधी हसल्या होत्या, ते दोघांनाही आठवेना.

शेवटी राहिल्या पिस्टनच्या रिंगा. रिंग म्हणजे एका जागी कापलेली बांगडी. कापलेल्या टोकांमध्ये किती फट ठेवायची, ते कानशीनं घासून ठरवायचं. हे काम काकांनी ताईंना दिलं, कारण असा हात गावात दुसरा नव्हता. "मिलिमीटरचे पंचेचाळीस शतांश," काका म्हणाले. "टर्बोची गाडी आहे. तापली की रिंग वाढते. जागा नसली तर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टन फोडतात."

ताईंनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. पंचेचाळीस! कवळीत एवढी फट सोडली असती तर म्हातारे दारात येऊन बसले असते. रिंग सिलिंडरमध्ये बसवून त्यांनी मापाची पाती सरकवली, आणि पंचविसावरच त्यांचा हात थांबला. किती सुंदर दिसत होतं ते! काकांनी विचारलं, "बरोबर ना?" ताई म्हणाल्या, "अगदी चोख." काका त्यांच्या हातावर डोळे मिटून विसंबले आणि त्यांनी इंजिन बांधून टाकलं.

चढाच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं. न्याहारीला सासूबाई साखर ढवळण्याची गोष्ट पाचव्यांदा सांगत होत्या. सांगता सांगता त्या खो खो हसल्या आणि कट्‌ असा आवाज झाला. त्यांच्या कवळीचे मधोमध दोन तुकडे झाले होते.

कवळी ताईंनीच केलेली, जीव ओतून. त्यांनी तुकडे उजेडात धरले. टाळूच्या मध्यावर हाडाची कडक कड असते, तिच्यावर केसभर मोकळीक सोडायची असते. नाही सोडली तर कवळी त्या कडेवर डुलते आणि एक दिवस चिरते. नव्या मुलींना हे त्या स्वतः शिकवत. आणि सासूबाईंची कवळी कशी घट्ट बसावी म्हणून त्यांनी तीच मोकळीक खाऊन टाकली होती.

ताईंना रिंगांचे पंचवीस आठवले. "अहो, स्कूटर काढा!"

"आत्ता? सव्वानऊला मला..."

"आत्ता!"

इतक्या वर्षांत स्कूटर पहिल्यांदा ताईंच्या वेळेला निघाली.

काकांचा हात किल्लीवरच होता. त्यांच्या हळूपणाचे त्या दिवशी उपकारच झाले. "थांबा!" ताई ओरडल्या आणि एका दमात सगळं ओकून मोकळ्या झाल्या. लाजेनं त्यांचे कान तापले होते.

काकांनी शांतपणे हात पुसले. "उघडायचं, घासायचं, परत बांधायचं. आठवडा गेला. एक सांगू? हळू नेली तर उद्या चढेलही ती. नवऱ्याशी लावलेली पैज तुम्ही जिंकाल."

नवरा हेल्मेट घालून तिथंच उभा होता. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, तांबडीकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

"उद्या चढेल हो," त्या म्हणाल्या. "मला ती रोज चढायला हवीय. उघडा."

रविवारी दहाच्या ठोक्याला गिऱ्हाईक आलं. नवऱ्यानं त्याला गॅरेजात नेलं. ताई मागं मागं गेल्या, उंबऱ्याशीच थांबल्या. फडक्यावर तांबडीचं आतडं न आतडं मांडलेलं.

"हे उघडलं कशाला?" गिऱ्हाईक म्हणालं.

"कशाला म्हणजे?" नवरा म्हणाला, आणि त्यानं पिस्टन उचलला. "हा घडीव आहे, ओतीव नव्हे. आणि घडीवमधलाही कमी फुगणारा. का? तर थंडीत खडखडत नाही. ही रिंग बघा. हिची फट पंचेचाळीस. पंचवीस ठेवली तर टोकं भिडतात. धरा, हात लावून बघा!" ताई आ वासून बघत राहिल्या. तीन आठवडे हा माणूस टेबलाशी बसून नुसती पोळी खात नव्हता तर! गॅस्केटचे तीन थर झाले, रॉड झाले, अर्धा तास झाला. शेवटी नवरा लाल होऊन म्हणाला, "आणि अशी गाडी विकायची? वेड लागलंय का तुम्हाला?"

"अहो, तुम्हीच बोलावलंत ना मला!" गिऱ्हाईक म्हणालं.

पुढच्या रविवारी तांबडी चढ चढली. मागच्या सीटवर सासूबाई नवी कवळी लावून पोट धरून हसत होत्या, आणि कवळीला काही झालं नाही. टर्बोनं शीळ घातली. ताईंनी घातली. मग शेजारून तिसरी शीळ आली, जरा बेसूर, समोरच्या दोन दातांच्या फटीतून.

सोमवारी ताई तांबडीनं कामाला गेल्या. मंगळवारीही. बुधवारीही.